नागपूरच्या संत्र्याला दोन बहार का?

आंबा उन्हाळ्यात येतो, जांभूळ पावसाळ्याच्या तोंडावर येते. दोन्ही फळे वर्षातून एकदाच. पण नागपूर, काटोल, वरुड या भागातील संत्र्याचे तसे नाही. संत्र्याची पहिली खेप दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागते आणि डिसेंबरपर्यंत चालते. दुसरी खेप फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. पहिल्या खेपेची फळे थोडी आंबूस असतात, दुसरीची अधिक गोड.

ही दोन वेगळ्या जातींची फळे आहेत काय? नाही. जात एकच, माती तीच, पुष्कळदा बागही शेजारी शेजारी. फरक एवढाच की, एका बागेतील झाडांना जानेवारी-फेब्रुवारीत फुले आली आणि दुसऱ्या बागेतील झाडांना जून-जुलैमध्ये. फूल ते पक्व फळ हा प्रवास संत्र्यात साधारणपणे आठ-नऊ महिन्यांचा असतो. त्यामुळे फुले जशी दोन वेळा येतात, तशी फळेही दोन वेळा मिळतात.

मग झाडाला ‘आता फुलांची वेळ झाली’ हे कोण सांगते? त्याच्याजवळ घड्याळ नाही, पंचांगही नाही. त्याला हे सांगते ते तेथील हवामान. कसे, ते आपण या लेखात पाहू.

पालवी की फूल?

झाडाच्या फांदीवर पानांच्या बगलेत लहान लहान कळ्या असतात. शेतकरी त्यांना डोळे म्हणतात. एखाद्या डोळ्यातून नवी फांदी फुटू शकते, किंवा फूलही येऊ शकते. हवा उबदार असेल आणि मुळांशी भरपूर ओल असेल, तर झाड नव्या पालवीवर भर देते. ही वाढ अखंड चालू राहिली, तर फुले फारच थोडी आणि तीही वेळी-अवेळी येतात. भरपूर फुले एकदम यायची असतील, तर वाढ काही काळ थांबावी लागते. झाडाला विसावा लागतो.

हा विसावा प्रत्येक प्रदेशात वेगळ्या रीतीने मिळतो. फ्रान्समधील द्राक्षांचे उदाहरण घ्या. फ्रान्समध्ये द्राक्षांची लागवड रोमन काळापासून होत आली आहे. बोर्दो हे गाव सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, बर्गंडी प्रांतातील बोन गाव ४७ अंशांवर, तर शँपेन प्रांतातील रॅन्स शहर ४९ अंशांवर. तेथे हिवाळा कडक असतो. शरद ऋतूच्या शेवटी वेलीची सारी पाने गळतात आणि वेल वाळक्या काठीसारखी उभी राहते. ती मेलेली नसते, झोपलेली असते. वनस्पतिशास्त्रात याला सुप्तावस्था म्हणतात. घोसांची तयारी डोळ्यांच्या आत आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते. थंडी त्या डोळ्यांना झोपवते आणि पुढे सर्वांनी मिळून एकदम जागे व्हावे अशी व्यवस्था करते. एप्रिलच्या सुमारास हवा उबदार झाली की डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा येतो आणि सप्टेंबरच्या आसपास द्राक्षे तोडणीला येतात.

त्या एका देशातही हवामान फळावर आपली खूण उमटवते. बोर्दोजवळ अटलांटिक महासागर असल्यामुळे तेथील हिवाळा काहीसा सौम्य असतो. शँपेन उत्तरेकडे असल्यामुळे तेथील द्राक्षांना ऊब जेमतेम पुरते आणि त्यांत आंबटपणा अधिक राहतो. तेथील फेसाळणाऱ्या मद्याला हाच आंबटपणा उपयोगी पडतो. म्हणूनच फ्रान्समध्ये द्राक्षमद्याला प्रदेशाचे नाव देतात आणि त्या नावाला १९३५ सालापासून कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे ‘नागपूर संत्रा’ या नावाला असेच भौगोलिक मानांकन २०१४ साली मिळाले. गावाच्या नावामागे तेथील माती आणि हवामान उभे असते, हा दोन्हीकडचा विचार एकच आहे.

नागपूरचे हवामान कसे आहे?

संत्र्याचे झाड द्राक्षवेलीसारखे निष्पर्ण होत नाही. ते सदाहरित आहे. ते गाढ झोपत नाही, पण डुलकी घेते. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत हिवाळ्याच्या गारव्याने त्याची वाढ मंदावते आणि वसंतात फुलोरा येतो. विषुववृत्ताजवळ, जेथे बाराही महिने ऊब आणि पाऊस असतो, तेथे मात्र थोडी थोडी फुले वर्षभर येत राहतात.

आता नकाशात नागपूर शोधा. ते सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आणि दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. त्यामुळे मुंबईचे हवामान सम, तर नागपूरचे विषम आहे. मे महिन्यात येथील दुपारचे तापमान सरासरीने ४२ अंश सेल्सिअसच्या वर असते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंशांवर गेले होते. उलट जानेवारीत रात्रीचे तापमान १२-१३ अंशांवर येते आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ते ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. वर्षाचा पाऊस सुमारे ११०० मिलिमीटर, पण त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो.

या आकड्यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. नागपूरच्या झाडाला वर्षात एक नव्हे, तर दोन विसावे मिळू शकतात. पहिला डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे, दुसरा एप्रिल-मे महिन्यांत कोरडेपणामुळे. दोन विसावे, म्हणून दोन बहार!

‘बहार’ हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ वसंत ऋतू. हिवाळी विसाव्यानंतर, आंब्याला मोहोर येण्याच्या दिवसांत जो फुलोरा येतो, तो आंबिया बहार. उन्हाळ्यातील विसाव्यानंतर, सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे ७-८ जूननंतर पडणाऱ्या पावसाने जो फुलोरा येतो, तो मृग बहार. हस्त नक्षत्राच्या सुमारास, सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरात थोडी फुले येतात, त्याला हस्त बहार म्हणतात. पण त्याआधी पावसाळ्यात जमीन सतत ओली असते, पुरेसा विसावा मिळत नाही. म्हणून या बहाराचा भरवसा नसतो.

ताण देणे म्हणजे काय?

थंडी आणि कोरडेपणा निसर्ग देतो, पण तेवढ्याने भागत नाही. शेतकरी त्या संधीचा उपयोग करून घेतो. आंबिया बहार घ्यायचा असेल, तर तो पावसाळा संपल्यानंतर थंडीच्या सुरुवातीला बागेचे ओलित बंद करतो. मृग बहार घ्यायचा असेल, तर उन्हाळ्यात पाणी तोडतो. याला ‘ताण देणे’ म्हणतात. काही दिवसांनी पाने मलूल दिसू लागतात, दुपारी कडेने वळतात आणि त्यांतील काही पिवळी पडून गळतात. अनुभवी बागायतदार पानांकडे पाहून ओळखतो की ताण पुरेसा बसला. मग आंबियासाठी तो जानेवारीत खत देऊन पाणी सोडतो. पहिले पाणी हलके, दुसरे त्याहून अधिक आणि मग नेहमीच्या पाळ्या. मृगासाठी पहिले पाणी आकाशातूनच येते. थोड्याच आठवड्यांत झाड पांढऱ्या, सुवासिक फुलांनी भरून जाते.

एकाच झाडावर दोन्ही बहार मात्र घेऊ नयेत. आधीची फळे फांदीवर वाढत असताना नव्या फुलांना पोसणे झाडाला झेपत नाही. म्हणून बागायतदार आपल्या विहिरीचे पाणी पाहून कोणता बहार धरायचा ते ठरवतो. आंबियाची कोवळी फळे एप्रिल-मेच्या उन्हातून न्यावी लागतात. त्यासाठी उन्हाळाभर पाणी हवे. ज्याची विहीर मार्चमध्येच तळ गाठते, त्याला मृगाचाच आधार असतो.

झाडाच्या आत काय घडते?

ताण बसल्यावर फुले का यावीत? पाणी कमी पडले की पाने आपली पर्णरंध्रे आकसून घेतात. नवी पालवी फुटणे थांबते. पण पानांचे अन्न तयार करण्याचे काम लगेच थांबत नाही. तयार झालेले अन्न वाढीत खर्च होत नसल्याने फांद्यांत पिष्टमय पदार्थांच्या रूपाने साठू लागते. पुढे फुले आणि कोवळी फळे पोसायला ही शिदोरी उपयोगी पडते.

पूर्वी शास्त्रज्ञ एवढ्यावरच समाधान मानीत. झाडातील कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण बदलले की फूल येते, असे ते सांगत. आता याहून अधिक माहिती मिळाली आहे. झाडांत जिबरेलिन नावाचे संप्रेरक असते. ते वाढीला उत्तेजन देते आणि संत्रावर्गीय झाडांत फुलांना आवर घालते. वाढ थांबली की त्याचा जोर ओसरतो. शिवाय थंडी किंवा पाण्याची टंचाई जाणवली की पानांमध्ये एक विशिष्ट प्रथिन अधिक प्रमाणात तयार होऊ लागते. ते फांदीतून डोळ्यांपर्यंत पोहोचते आणि ‘पालवी नको, फूल घडवा’ असा निरोप देते. असा निरोप्या पदार्थ असला पाहिजे, हा तर्क रशियातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडला होता. तो पदार्थ प्रत्यक्ष ओळखण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली!

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. थंडी आणि तहान या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण संत्र्याच्या झाडात त्यांचा निरोप एकच पोहोचतो. म्हणूनच नागपूरला थंडीतही बहार धरता येतो आणि उन्हाळ्यातही.

मातीचे छोटे गणित

ताण किती दिवस द्यावा? ते जमिनीवर अवलंबून असते. विदर्भातील बराचसा संत्रा बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत आहे. या मातीचे कण अतिशय सूक्ष्म असल्याने ती पाणी पुष्कळ धरून ठेवते. मुरमाड, हलकी जमीन मात्र लवकर कोरडी होते.

हिशेबासाठी असे समजा की, हलक्या जमिनीत झाडाच्या मुळांना मिळण्याजोगे ६० मिलिमीटर पाणी आहे आणि भारी काळ्या जमिनीत १२० मिलिमीटर. हिवाळ्यात बागेतून दररोज २ मिलिमीटर पाणी बाष्परूपाने निघून जाते. तर,

हलकी जमीन : ६० ÷ २ = ३० दिवस
भारी जमीन : १२० ÷ २ = ६० दिवस

प्रत्यक्षातही हलक्या जमिनीत सुमारे महिनाभराने, तर भारी जमिनीत दीड-दोन महिन्यांनी ताण बसतो. उन्हाळ्यात बाष्पीभवन दुपटी-तिपटीने वाढले तर हे दिवस किती होतील, ते तुम्हीच काढा. उन्हाळ्यातील ताण जपून का द्यावा लागतो, हे त्या उत्तरावरून समजेल.

काळ्या मातीचा एक धोकाही आहे. खाली पाण्याचा निचरा होणारा मुरूम नसेल, तर पावसाळ्यात मुळांशी पाणी साचते. मुळे कुजतात, खोडातून डिंक गळू लागतो आणि झाड खंगते. या रोगाला शेतकरी डिंक्या म्हणतात. म्हणून संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या रोपावर बसवून कलम तयार करतात. मुळे लिंबाची आणि फळे संत्र्याची! अशा कलमांवर आणि रोगांवर संशोधन करण्यासाठी नागपूर येथे १९८५ साली राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हे त्याचे आजचे नाव.

रंग आणि गोडी

आता चवीकडे वळू. आंबियाची फळे पावसाळा नुकताच सरला असताना पिकतात. तोपर्यंत आकाश ढगाळ असते आणि जमिनीत ओल पुष्कळ असते. मृगाची फळे मात्र कोरड्या, निरभ्र आकाशाखाली पिकतात. लख्ख उन्हात पाने भरपूर साखर बनवतात आणि फेब्रुवारीत दिवस तापू लागले की फळातील आम्ल कमी होत जाते. म्हणून मृगाचे संत्रे अधिक गोड लागते.

रंगाचे रहस्य रात्रीच्या थंडीत आहे. संत्र्याच्या सालीत नारिंगी रंगद्रव्ये असतात, पण ती हरितद्रव्याखाली झाकलेली असतात. रात्री गार होऊ लागल्या की हरितद्रव्य नाहीसे होते आणि नारिंगी रंग उघडा पडतो. ऑक्टोबरातील रात्री तेवढ्या गार नसतात. त्यामुळे त्या वेळच्या फळांवर हिरवे डाग राहतात. विषुववृत्ताजवळच्या देशांत तर पूर्ण पिकलेली संत्रीही हिरवीच दिसतात. तेव्हा सालीचा हिरवा रंग पाहून फळ कच्चे आहे असे समजू नका.

कात्री, तहान आणि थंडी

नाशिकची द्राक्षे तुम्ही खाल्ली असतील. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. तेथे फ्रान्ससारखी थंडी नाही, वेल हिरवी ती हिरवीच राहते. मग तिला विसावा कोण देणार? तेथे हे काम छाटणीची कात्री करते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. त्यातून फुटलेल्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळी प्रकाशात घोसांची तयारी होते. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, फळछाटणी करतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे तयार होतात. पावसाळ्यात फळ वेलीवर राहू नये, ही योजना त्यामागे आहे.

इटलीतील सिसिली बेटावरचे शेतकरी लिंबाच्या बागांना भर उन्हाळ्यात पाणी तोडून मग एकदम देतात आणि अवेळी फुलोरा घेतात. पुढच्या उन्हाळ्यात, लिंबाला चढा भाव असताना, त्यांची फळे तयार होतात. काटोलचा शेतकरी आणि सिसिलीचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण झाडाचा स्वभाव दोघांनीही निरीक्षणाने जाणला. संत्रावर्गीय झाडांच्या डोळ्यांना निरोप कसा मिळतो, हे प्रयोगशाळेत कळले ते त्यानंतर कितीतरी काळाने.

निरोप चुकला तर?

ही सारी व्यवस्था ऋतूंच्या नियमितपणावर उभी आहे. डिसेंबरअखेर ताण बसत आला असताना अवकाळी पाऊस पडला, तर झाडाला चुकीचा निरोप मिळतो. फुलांऐवजी पालवी फुटते. मे महिन्यात वळवाची मोठी सर येऊन फुले उमलली आणि मग मृग कोरडा गेला, तर फुले गळून पडतात. फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट तर सर्वांत घातक, कारण त्या वेळी आंबियाची फुले आणि मृगाची पिकलेली फळे दोन्ही झाडांवर असतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने हेच दाखवून दिले. वरुड-मोर्शी भागात उपसा वाढल्याने विहिरींचे पाणी फार खोल गेले आहे. तेथे उन्हाळा लांबला की ताण देण्याऐवजी झाड जगवण्याचीच चिंता पडते. धान्याचे पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. संत्र्याच्या कलमाला पहिले चांगले फळ येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. बाग वाळली, तर तेवढी वर्षेच वाया जातात.

फ्रान्समध्येही ऋतूंची घडी बदलते आहे. बोन गावात द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ सालापासून मिळते. साडेसहाशे वर्षांच्या त्या नोंदींवरून दिसते की, १९८८ सालापासून तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होऊ लागली. २०२१ साली मार्चअखेरच्या उबेने वेलींचे डोळे लवकर फुटले आणि एप्रिलच्या आरंभी कडक दहिवर पडून ते करपले. शेतकऱ्यांनी रात्रभर वेलींच्या ओळींत मेणबत्त्या आणि शेकोट्या पेटवल्या, तरी नुकसान फार झाले.

तारखांची साधी नोंद केवढी मोलाची असते, हे बोनच्या उदाहरणावरून दिसते. अशी नोंद ठेवायला कोणतेही उपकरण लागत नाही. वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढे पुरते. ती तुम्हीही ठेवू शकता.

करून पाहा

१. बोगनवेलीची सारख्या आकाराची दोन रोपे दोन कुंड्यांत लावून चांगली रुजू द्या. हिवाळ्यात दोन्ही कुंड्या उन्हात ठेवा. एकीला रोज पाणी द्या. दुसरीचे पाणी दोन-तीन आठवडे कमी करा. पाने अगदी मलूल झाली तरच थोडे पाणी द्या. नंतर दोन्हींना नियमित पाणी देऊन रंगीत फुलोरा कोणत्या कुंडीत अधिक येतो, ते मोजा.

२. घराजवळचे किंवा शाळेजवळचे एक लिंबाचे, संत्र्याचे वा आंब्याचे झाड निवडा. पहिले फूल, पहिले फळ, पहिला पाऊस आणि थंडीची पहिली रात्र यांच्या तारखा वहीत लिहा. ही वही दर वर्षी पुढे चालवा आणि शाळा सोडताना खालच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे सोपवा.

३. नोव्हेंबर आणि मार्च या दोन्ही महिन्यांत संत्री विकत आणा. त्यांचा रंग, सालीची जाडी, बियांची संख्या आणि चव यांचा तक्ता तयार करा. फळांना फुले कोणत्या महिन्यात आली असतील, ते लेखातील माहितीवरून शोधून काढा.